एका बटाट्यात दोन चॅप्टर, ऑस्मोसिस आणि एन्झाइम

माझा भाचा नववीत. ऑस्मोसिसची डेफिनिशन विचारली की धडाधड म्हणून दाखवतो, पण बरणीतली खारातली तोरं (कच्च्या कैऱ्या) का सुरकुततात रे विचारलं की गप्प. आमच्या गोव्यात बऱ्याच पोरांचं प्रायमरी मराठीतून आणि पाचवीपासून इंग्रजी, त्यामुळे परासरण (ऑस्मोसिस) नि विकर (एन्झाइम) हे शब्द त्याला माहीतच नाहीत. म्हटलं जाऊदे, बटाटा आण.

दोन मोठे बटाटे घ्या. एक आख्खा उकडा, पण फुटेपर्यंत नको, वाटी कोरता आली पाहिजे. दुसरा कच्चाच. दोघांची साल पूर्ण काढा, हे महत्त्वाचं, कारण पहिल्यांदा मी आळस करून खालची साल तशीच ठेवली आणि साल पाणी आत घेतच नाही, मग तासभर बघत बसलो. खालचा भाग सपाट कापा, वरून चमच्याने कोरून वाटी करा, भिंत साधारण बोटभर जाड ठेवा. कोरलेला गर टाकू नका, लागणार आहे, फक्त कच्चा आणि उकडलेला वेगळा ठेवा.

दोन्ही वाट्या ताटलीत ठेवून बाजूने थोडं पाणी ओता, वाट्यांच्या आत पाणी जाता कामा नये. आत एकेक चमचा मीठ, पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, आणलेलं जाडं मीठ असेल तरी चालतं, साखरही चालते. दोनेक तास थांबा.

कच्च्या वाटीत पाणी साचलेलं दिसेल. मीठ ओलसर होतं, विरघळतं, मग शेजारच्या पेशीतलं पाणी तिकडे ओढलं जातं, ती पेशी तिच्या मागच्या पेशीकडून घेते, असं करत करत ताटलीतलं पाणी वर चढतं. पाणी ये-जा करू शकतं पण मिठाला सहज वाट मिळत नाही, ही निवड पेशीपटल करतं. उकडलेल्यात ते पटलच मोडलेलं, त्यामुळे कच्च्यासारखं पाणी ओढलं जात नाही, मीठ ओलं झालं तरी फरक डोळ्याला दिसतो. कच्च्या वाटीत झालं तेच ऑस्मोसिस, बरणीतल्या तोरांतलं पाणीही असंच मिठाकडे जातं. ह्याला पेशीची ऊर्जा लागत नाही, म्हणून पॅसिव्ह. ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्टला, म्हणजे पेशी जोर लावून पदार्थ आत-बाहेर नेते त्याला, एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) लागतं, ते घरी दाखवता येत नाही, पुस्तकातच वाचा.

आता तो गर. मेडिकलमध्ये ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, छोटी बाटली पुरे. डोळ्यांपासून लांब ठेवा आणि मोठं कुणीतरी जवळ असू दे. कच्चा गर ग्लासात घालून वर थोडं ओता, लगेच पांढरा फेस, भाचा तर किंचाळलाच. बटाट्यातलं कॅटालेज नावाचं एन्झाइम (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, एक रेणू सेकंदाला लाखो रेणू फोडतो आणि स्वतः तसाच राहतो. ज्योत विझवलेली, निखारा असलेली अगरबत्ती फेसाजवळ न्या, निखारा जास्त तेजाने पेटतो.

उकडलेल्या गरावर ओता, काही नाही. एन्झाइम हे प्रोटीन, उष्णतेने त्याचा आकार बिघडतो आणि मग काम बंद, अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही तसं. दोन्ही गरांना फेस आला नाही तर बाटली जुनी, उजेडात ठेवलेलं पेरॉक्साइड आपोआपच मोडतं.

मिठाच्या वाटीतला बटाटा धुऊन भाजीत गेला, पेरॉक्साइडचा गर मात्र थेट केरात टाकला, आईने दोनदा विचारून खात्री केली.