एकच नाव तीनदा लिहिणं कसं थांबलं

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या माझ्या एका प्रोजेक्टमध्ये नुसता डेटा धरून ठेवणारे १४ क्लास (ऑब्जेक्ट बनवायचे साचे) होते. प्रत्येकात त्याच तीन मेथड (क्लासमधली फंक्शनं): ऑब्जेक्ट बनताना डेटा भरणारी इनिट, ऑब्जेक्ट मजकूर म्हणून दाखवणारी रेप्र, तुलनेसाठी ईक्यू. इनिटमध्येच एकेका फील्डचं (डेटाच्या रकान्याचं) नाव तीनदा. नवीन फील्ड आलं की तिन्ही मेथड बदला. एकदा ईक्यूमधला बदल राहून गेला आणि दोन वेगळ्या नोंदी सारख्या ठरू लागल्या. टेस्ट मात्र पास होत होत्या! चूक सापडेपर्यंत अख्खा दिवस गेला.

उपाय भाषेतच होता. २०१८ साली आलेल्या पायथॉन ३.७ पासून डेटाक्लास हा डेकोरेटर (क्लासच्या वर लिहायची, त्यात भर घालणारी खूण) मिळतो. फील्डची नावं आणि टाइप लिहायचे, तिन्ही मेथड तो तयार करतो.

दोन ठिकाणी अडलो. फील्डला रिकामी लिस्ट डिफॉल्ट दिली की व्हॅल्यू एरर येतो. येतो तेच बरं, नाहीतर सगळ्या ऑब्जेक्टमध्ये एकच लिस्ट फिरत राहिली असती. तिथे डिफॉल्ट फॅक्टरी वापरली, ती प्रत्येक ऑब्जेक्टला नवी लिस्ट देते. दुसरं, जुन्या कोडबरोबर हाताने लिहिलेली हॅश मेथडही मी काढली होती, त्यामुळे एका क्लासचे ऑब्जेक्ट सेटमध्ये (एकच गोष्ट दोनदा न ठेवणाऱ्या संग्रहात) जाईनात; सेटला ती मेथड लागते. तो क्लास फ्रोझन केला, म्हणजे त्याचे ऑब्जेक्ट नंतर बदलता येत नाहीत आणि हॅश डेटाक्लासच बनवतो, आणि प्रश्न सुटला. त्या नोंदी तशाही बदलायच्या नव्हत्या.