गवतापासून जपायची पोनी आणि तिचा कळप

घोड्यांचं काम शिकायला ब्रिटनमध्ये येणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींच्या डोक्यात आजारी घोडा म्हणजे हडकुळा घोडा असतो. इथे वेगळंच दिसतं. हिरव्यागार कुरणात गुबगुबीत पोनी उभी असते, आयाळीखाली मानेवर चरबीचा घट्ट उंचवटा आलेला असतो आणि बघणारे कौतुक करत असतात. मला सगळ्यात जास्त काळजी त्याच पोनीची वाटते. मी नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये एका लिव्हरी यार्डवर काम करते, म्हणजे लोकांचे घोडे पैसे घेऊन सांभाळतात अशा ठिकाणी. लॅमिनायटिस होऊन गेलेल्या पोनीला कळपात ठेवून कसं जपायचं, हे नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

खुराची कठीण भिंत आतल्या हाडाला नाजूक पापुद्र्यांनी जोडलेली असते आणि घोड्याचा सगळा भार या जोडावर असतो. लॅमिनायटिसमध्ये हे पापुद्रे दुखावतात, जोड सैल होतो आणि हाड जागचं हलू शकतं. वेदना भयंकर असते. बहुतेक पोनींमध्ये याचं मूळ खुरात नसून इन्शुलिनच्या बिघाडात असतं. शेटलंड, वेल्श, डार्टमूर या जाती डोंगरमाळावरच्या भरड चाऱ्यावर तगलेल्या. दुभत्या गाईंसाठी पेरलेल्या रायग्रासमध्ये त्यांना सोडलं की त्यातल्या साखरेने इन्शुलिन बेसुमार चढतं आणि तेच खुराला बाधतं. वय झालेल्या पोनीत कुशिंगचा आजारही, म्हणजे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा हार्मोन-बिघाड, यामागे असू शकतो, म्हणून तिची रक्ततपासणी करून घ्यावी.

आमच्या कळपात चौघं आहेत: लॅमिनायटिस होऊन गेलेली एक वेल्श पोनी, एक शेटलंड, एक कॉब म्हणजे दणकट बांध्याचा घोडा, आणि एक म्हातारा थरोब्रेड म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा. खरा पेच इथे आहे. थरोब्रेडच्या अंगावर मांस टिकत नाही, त्याला गवत हवं. पोनीला तेच गवत घातक. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे पोनीला कोपऱ्यातल्या उघड्याबोडक्या तुकड्यात एकटीला ठेवणं. मला तो पटत नाही. एकटी पडलेली पोनी कुंपणालगत येरझारा घालते, हाका मारते, घामाघूम होते. शिवाय उपाशी जनावर एरवी टाळेल ते खातं. यकृत निकामी करणारं पिवळ्या फुलांचं रॅगवर्ट आणि स्नायूंना जीवघेणी इजा करणारं सिकॅमोर झाडाचं बी अशाच बोडक्या कुरणांत पोटात जातं. खुरटलेलं गवत बिनधोक असतं हाही गैरसमजच, त्याच्या प्रत्येक घासात साखर भरपूर असू शकते.

म्हणून आम्ही पोनीला वेगळं काढण्याऐवजी कुरणाची आखणी बदलली. बाहेरच्या कुंपणाला समांतर, आतल्या बाजूने विजेची पट्टी ओढून चौफेर वाट तयार केली. पाणी एका टोकाला, सुकं गवत दुसऱ्या टोकाकडे चार-पाच ठिकाणी विखरून. खायला-प्यायला चालावंच लागतं. पोनीचे पाय ठणठणीत असताना ही चाल औषधासारखी उपयोगी पडते. दिवसभर चौघं वाटेवर एकत्र असतात. संध्याकाळी थरोब्रेड आणि कॉब मधल्या गवतात जातात, पोनी आणि शेटलंड वाटेवरच राहतात. जोडीला जोडी राहते आणि सगळे एकमेकांना दिसतात. पट्टी दोन उंचीवर लावा, शेटलंड खालून सहज निसटतं. सुक्या गवताचे ढीग घोड्यांपेक्षा एकाने तरी जास्त असू द्या आणि कोपऱ्यांत वाट रुंद ठेवा, नाहीतर दुबळं जनावर तिथे कोंडलं जातं. थरोब्रेडची चंदी त्याच्या तबेल्यात, दार लावून द्यायची.

वाट आखायला जागा नसेल तर मुसकं वापरा. कोळपताना बैलाला बांधतात तसंच, फक्त तळाला लहान भोक असतं, त्यातून गवताचे मोजके शेंडे तोंडात येतात. पाणी पिता येतंय ना ते समोर उभं राहून बघा, घासून जखम होते का ते रोज पाहा, आणि ताण पडला की तुटेल अशीच म्होरकी घाला. मुसकं घातलेल्या पोनीला सोबतिणीची मान खाजवता येत नाही, चावून स्वतःचा बचाव करता येत नाही. म्हणून पहिले काही दिवस कळपावर डोळा ठेवायचा. चोवीस तास मुसकं कधीच नको. ते काढाल तेव्हा पोनी गवतावर नसावी. थोडाच वेळ मोकळं सोडलेली पोनी भराभर चरते आणि तेवढ्यात बरीच भरपाई करून घेते.

वेळेचंही गणित आहे. दिवसा उन्हात गवतात साखर तयार होते, रात्री ती वाढीत खर्च होते. त्यामुळे पहाटेपासून सकाळपर्यंतचं चरणं त्यातल्या त्यात बरं. पण रात्री दव गोठलं आणि सकाळी लख्ख ऊन पडलं की हा नियम मोडतो. साधारण ५ अंश सेल्सिअसखाली गवताची वाढ थांबते, साखर मात्र साठत राहते.

सुकं गवत अंदाजाने टाकू नका, काट्यावर तोला. वजन उतरवायचं असेल तर सहसा शरीराच्या वजनाच्या १.५ टक्के कोरडा आहार धरतात. २५० किलोच्या पोनीला हे रोजचं सुमारे ४.४ किलो सुकं गवत होतं. आधी तोला, मग पाण्यात भिजवा. भिजवल्याने साखर उतरते, खनिजंही उतरतात, ती वेगळी द्यावी लागतात. याहून कमी करायचं तर पशुवैद्याला विचारूनच. लठ्ठ पोनीला एकदम उपाशी ठेवलं तर रक्तात चरबी उसळून ती दगावू शकते. हे मालकांना सांगायला बिचकू नका.

रोज ठरलेल्या वेळी घोट्याजवळची नाडी बघा. निरोगी पोनीत ती जेमतेम लागते. रोज बघितली तरच ठणकणारी नाडी ओळखता येते. कडक फरशीवर वळताना अडखळणं, आखडती पावलं, भार मागे टाकून उभं राहणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच गवतावरून काढा, जाड मऊ अंथरुणावर ठेवा आणि पशुवैद्याला तातडीचं म्हणून फोन करा. चालवून बघू नका. सोबतिणीला शेजारच्या तबेल्यात आणा, म्हणजे ती शांत राहील.

पुढच्या वसंताची तयारी हिवाळ्यात होते. पोनी निरोगी आणि अंगाने भरलेली असेल तर तिला जाड झूल घालू नका. तिचे हिवाळी केस पुरेसे असतात आणि ऊब टिकवताना साठलेली चरबी खर्च होते. दर आठवड्याला वजनाची फीत (छातीभोवती गुंडाळून वजनाचा अंदाज देणारी) लावून आकडा यार्डच्या फळ्यावर लिहा. फेब्रुवारीत फासळ्या हाताला सहज लागायला हव्यात. लागत नसतील तर मार्चमध्ये गवत फुटायच्या आतच मुसकं, वाट आणि तोललेल्या गवताचा बेत मालकाशी बोलून पक्का करा.