उन्हाळ्याआधी वॉटर पंप आणि फॅनबेल्ट बघून घ्या
मे महिन्यात मांडवीच्या गर्दीत जुनी गाडी तापली की वडोदऱ्यात सगळे आधी रेडिएटरकडे धावतात. त्याआधी, इंजिन बंद आणि गार असताना, वॉटर पंपाच्या (इंजिन गार ठेवणारं कूलंट फिरवणारा, फॅनबेल्टवर चालणारा पंप) शाफ्टखालचं बारीक छिद्र टॉर्च लावून बघा. तिथे कूलंटची हिरवट-पांढरी खपली साचली असेल तर आतलं सील गेलंय. पंप बदलायचाच, बाहेरून एमसील थापून भागत नाही. बेल्ट सैल करून पुली हलवा, खडखडली तर बेअरिंग संपलं. बेल्ट पुन्हा ताणल्यावर दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण १० मिमी दबावा. सैल बेल्ट किंचाळतो, पण फार ताणलेला पंपाचं बेअरिंगच खातो. बेल्टच्या बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर ताण वाढवू नका, नवा बेल्ट घाला आणि २००-३०० किलोमीटरनंतर पुन्हा ताण तपासा.