नेत्याचं हवामान-प्रगतिपुस्तक तपासताना या चुका टाळा

निवडणूक आली की फलकांवर मेगावॅट झळकतात. इतके हजार मेगावॅट सौर, इतके हजार रोजगार. हे आकडे खोटेच असतात असं नाही, पण ते वाचताना आपली गफलत होते. उदाहरण म्हणून देवेंद्र फडणवीस यांचं काम घेऊ, कारण शेतीला दिवसा वीज देण्याचा विषय त्यांनी स्वतः अंगावर घेतलेला आहे. बॅटरी घेऊन मध्यरात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, जाणाऱ्या माणसासाठी तो जिवाचा प्रश्न आहे.

घोषणा म्हणजे चालू प्रकल्प नव्हे

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जून २०१७ मध्ये आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथून सुरुवात झाली. २०२३ मध्ये तिची २.० आवृत्ती आली आणि उद्दिष्ट पुढे १६ हजार मेगावॅटवर गेलं. मार्च २०२४ मध्ये सुमारे ९ हजार मेगावॅटची इरादापत्रं, म्हणजे काम देत असल्याची पत्रं, दिली गेली. या २.० मधला पहिला प्रकल्प त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात चालू झाला. तो होता ३ मेगावॅटचा. म्हणून योजना फसली असं मी म्हणत नाही. शेतीचे फीडरच, म्हणजे उपकेंद्रातून शेतपंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिन्याच, सौर करण्याची कल्पना मला मनापासून पटते. पण इरादापत्र आणि पंपात आलेली वीज यांच्यामध्ये जमीन, वीजखरेदी करार, कर्ज आणि उपकेंद्रापर्यंतची लाइन असते. काम यातल्या कुठल्याही टप्प्यावर अडतं.

तुमच्याकडे अडलं असेल तर आधी उपकेंद्रात जा. आपला फीडर कुठल्या प्रकल्पाला जोडायचा आहे ते विचारा. पॅनल उभे आहेत पण वीज सुरू नाही, तर अडचण बहुधा जोडणीच्या लाइनीत असते. प्रकल्प चालू असूनही विजेची पाळी रात्रीचीच असेल, तर शेतीचा फीडर गावठाणापासून वेगळा झालाय का ते बघा. जागा भाड्याने दिली असेल तर हेक्टरी वर्षाला किमान १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरलेली आहे. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल ५ लाख मिळायचे आहेत. ते जमा झाले का, हे ग्रामसभेत विचारा.

मेगावॅट आणि युनिट यांची सरमिसळ

मेगावॅट म्हणजे क्षमता, युनिट म्हणजे प्रत्यक्ष तयार झालेली वीज. एक मेगावॅट सौर प्रकल्प आपल्याकडे वर्षाला साधारण १६ लाख युनिट देतो. तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच नीट चालला तर तिपटीहून जास्त देतो. देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा २०२५ मध्ये बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून इतर, स्रोतांचा झाला आणि त्याचा आनंद आहेच, पण प्रत्यक्ष विजेत कोळशाचा हिस्सा अजून सगळ्यात मोठा आहे. क्षमता सांगणाऱ्याला युनिटही विचारा.

रोजगाराचा आकडा जसाच्या तसा घेणं

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. शंभर माणसं तीन महिने खांब रोवायला, पॅनल बसवायला, केबल टाकायला आली, तर ते पंचवीस माणसांचं वर्षभराचं काम झालं. फलकावर मात्र 'शंभर रोजगार' असं लिहिता येतं. प्रकल्प उभा राहिल्यावर उरतात ते राखणदार, पॅनल धुणारे, गवत काढणारे आणि एखाद-दुसरा तंत्रज्ञ. यातले गावातले किती, भविष्य निर्वाह निधी कोणाचा कापला जातो, तंत्रज्ञ कुठून आला? हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. तेवढ्याच मेगावॅटला घराच्या छतांवर कितीतरी जास्त हात लागतात, कारण प्रत्येक छत वेगळं असतं. त्यामुळे आपल्या आयटीआयच्या पोरांचा विचार करायचा तर सूर्यघर योजनेतून तालुक्यात किती छतं झाली, हा प्रश्न मला सौर पार्कपेक्षा मोठा वाटतो. तीन किलोवॅटला ७८ हजारांचं केंद्राचं अनुदान आहे, म्हणजे मागणी उभी राहू शकते.

सगळं श्रेय किंवा दोष एकालाच देणं

सूर्यघर आणि शेतीच्या सौर विजेची कुसुम या केंद्राच्या योजना, वीजदर ठरवतो नियामक आयोग. 'माझी वसुंधरा' अभियान आणि २०२१ चं इलेक्ट्रिक वाहन धोरण आदित्य ठाकरे पर्यावरणमंत्री असतानाचं. २०१७ च्या योजनेने तर मधली महाविकास आघाडीची वर्षंही पाहिली.

फक्त हिरवी बाजू बघणं

सौरचे आकडे सांगणाऱ्या सरकारचा कोळसाही मोजा. कोराडीत ६६० मेगावॅटच्या आणखी दोन संचांसाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. २०२४ मध्ये महावितरणने एकाच निविदेत ५ हजार मेगावॅट सौर आणि १,६०० मेगावॅट औष्णिक वीज मागितली. सप्टेंबरमध्ये अदानी समूहाला इरादापत्र मिळालं. त्यातली सौर वीज कच्छमधल्या खावड्याहून यायची आहे. म्हणजे वीज आपल्याला, पण प्रकल्पावरचं काम कच्छमध्ये. स्वस्त वीज हवीच, पण ती 'महाराष्ट्रातले हरित रोजगार' म्हणून मोजली जात असेल तर थांबवा.

आणि चंद्रपूर विसरू नका. तिथल्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रावर आणि भोवतालच्या खाणींवर हजारो घरं चालतात, आणि त्यातले कितीतरी जण कंत्राटी आहेत. तिथला उमेदवार दारात आला की लेखी मागा: जुना संच बंद होईल त्या वर्षी या कामगाराला काम कुठे, किती पगारावर आणि प्रशिक्षण कधीपासून?