रजिस्टर वाचलं की सगळे बिट १: पीसीआयई ड्रायव्हरचं हँग होणं असं थांबवलं

पीसीआयई म्हणजे मशीनला कार्ड जोडायची पद्धत. ती लिंक तुटली की कार्ड चालवणारा ड्रायव्हर हँग व्हायचा. कार्ड गायब झालं तरी बहुतेक मशीनवर त्याचं रजिस्टर (कार्डातली स्थिती सांगणारी छोटी जागा) वाचताना एरर येत नाही, ३२ही बिट १ मिळतात. स्टेटस रजिस्टरमधला १ म्हणजे बाकी काम, म्हणून इंटरप्ट हँडलरला (कार्डाने हाक दिली की चालणाऱ्या कोडला) वाटतं सगळीच कामं बाकी आहेत, आणि त्याचा लूप संपतच नाही.

आता स्टेटस वाचल्याबरोबर आधी हीच किंमत तपासतो. खात्रीसाठी व्हेंडर आयडी, म्हणजे कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, वाचतो. तिथेही सगळे १ आले तर लूप सोडायचा, रांगेतल्या रिक्वेस्ट एरर देऊन परत करायच्या.

लिनक्समधले एरर कॉलबॅकही (एरर आल्यावर लिनक्स ड्रायव्हरमधली जी फंक्शन बोलावतो ती) भरले: आधी आयओ (डेटाची ने-आण) थांबवून रीसेट मागायचा, रीसेटनंतर कॉन्फिग परत लावून बस मास्टरिंग (कार्डाला स्वतःहून मेमरी वाचायची-लिहायची परवानगी) चालू करायचं. ते राहिलं तर रजिस्टर नीट वाचता येतात, पण डीएमए, म्हणजे कार्डाने स्वतः केलेली मेमरीतली ने-आण, हलत नाही. हा दोष शोधताना फार छळतो.