खिंडसी जलाशयावर जाताना

नागपूरहून रामटेकजवळच्या खिंडसी जलाशयावर जाण्यासाठी कामठी, कन्हान आणि मनसर या मार्गाने सुमारे ५० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत उत्तम, कारण तेव्हा पाणी ओसरून उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत आणि किडे मिळतात व चक्रवाक, पट्टकादंब यांसारखे उत्तरेकडचे पक्षी तेथे उतरतात. सूर्योदयापूर्वी पोहोचावे, मळकट रंगाचे कपडे घालावेत आणि दुर्बिणीतून दुरूनच पाहावे; छायाचित्रासाठी थवा उडवणे मला अक्षम्य वाटते, कारण विसाव्याला आलेल्या पक्ष्यांची शक्ती त्यात वाया जाते. नावेत लाइफ जॅकेट घालूनच बसावे. काठचा गाळ वरून कोरडा दिसला तरी खाली दलदल असू शकते, म्हणून मुलांना तेथे उतरू देऊ नये.