अडॅप्टर प्रथिने: अभ्यासाला आरंभ करणाऱ्यांसाठी

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकत असताना मी पेशींतील संकेतवहनाकडे वळलो. दांडिया बाजारातल्या मराठी घरांतून आजही कोणी ना कोणी याच विषयाकडे येते आणि सुरुवात कोठून करावी असे विचारते, म्हणून हे लिहीत आहे.

आपल्या विषयाचा विद्यार्थी एन्झाइमांवर पोसलेला असतो, त्यामुळे प्रथिन दिसले की ते कोणती अभिक्रिया घडवते हाच प्रश्न त्याला आधी सुचतो. अडॅप्टर प्रथिने, म्हणजे दोन प्रथिनांना एकत्र आणणारी प्रथिने, स्वतः कोणतीच अभिक्रिया घडवत नाहीत. ग्रब-२ हे अवघ्या २१७ अमिनो आम्लांचे प्रथिन घ्या: मध्ये एक एसएच२ खंड, दोन्ही बाजूंना एकेक एसएच३ खंड (दोन्ही प्रकारचे खंड इतर प्रथिनांना धरण्यासाठी), आणि बस्स. पेशीबाहेरून वाढीचा संकेत आला की तो टिपणाऱ्या ग्राही प्रथिनाच्या (रिसेप्टर) टायरोसिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट बसतो, एसएच२ खंड त्याला जाऊन बिलगतो, आणि एसएच३ खंडांनी धरलेले सॉस हे प्रथिन त्याच्यासोबत पेशीपटलाशी पोहोचते, जेथे रास हे वाढीचा संकेत पुढे नेणारे प्रथिन आधीपासून वाट पाहत असते. सॉसमुळे रासवरील जीडीपी हा छोटा रेणू सुटतो व त्याच्या जागी जीटीपी येतो, म्हणजे रास चालू होते. म्हणजे सोयरीक जुळवणाऱ्याचे काम ग्रब-२ करते, संसार इतरांचा.

माझे मत असे की पाठ्यपुस्तकातील बाणांच्या आकृत्या पाठ करण्याआधी आनुवंशिकीचे प्रयोग वाचावेत. सूत्रकृमीतील सेम-५ हे जनुक १९९२ साली उलगडले. त्यात बिघाड झाला की कृमीची योनी नीट घडत नाही. फळमाशीच्या डोळ्यात आर८ पेशी शेजारच्या पेशीला संकेत देते आणि ती शेजारीण आर७ ही प्रकाशग्राही चेतापेशी बनते; तिच्यावर सेव्हनलेस ग्राही नसेल, तर तीच पेशी शंकुपेशी (प्रकाश न टिपणारी, भिंग घडवणारी पेशी) होऊन बसते. माशीत या ग्राहीपासून पुढची साखळी ड्रक, सॉस आणि रास अशीच आहे, आणि ड्रक व सेम-५ ही दोन्ही ग्रब-२ चीच भावंडे. उंदरात ग्रब-२ पूर्णपणे काढून टाकल्यास भ्रूण आरंभीच मरतो.

प्रयोगशाळेत तुम्हाला मुख्यतः को-इम्युनोप्रेसिपिटेशन करावे लागेल, म्हणजे अँटिबॉडीने एक प्रथिन ओढून त्याला चिकटलेली इतर प्रथिने पाहणे. टायरोसिनांवरचा फॉस्फेट टिकवण्यासाठी, तो काढणारी एन्झाइमे रोखणारे सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट लागते, पण ते नुसते विरघळवून चालत नाही: पीएच १० ला आणल्यावर द्रावण पिवळे दिसते, ते रंगहीन होईपर्यंत उकळावे, थंड करून पीएच पुन्हा तपासावा आणि रंग परत येईनासा होईपर्यंत हे करावे. बफरमध्ये ईडीटीए (धातूंना बांधणारे) किंवा डीटीटी (क्षपणक) असल्यास ही सगळी मेहनत वाया जाते. (नमुने थंड ठेवायला मे महिन्यातल्या बडोद्यात बर्फ मात्र दुप्पट मागवावा.) ब्लॉटवर, म्हणजे आकारानुसार वेगळी केलेली प्रथिने अँटिबॉडीने ओळखण्याच्या पटलावर, आणखी एक चकवा आहे. ग्रब-२ सुमारे २५ किलोडाल्टनचे, आणि प्रेसिपिटेशनला वापरलेल्या अँटिबॉडीची हलकी साखळीही तेवढीच, त्यामुळे दोन्हींच्या पट्ट्या एकाच जागी येतात. म्हणून प्रेसिपिटेशनसाठी एका प्राण्याची व ब्लॉटसाठी दुसऱ्या प्राण्याची अँटिबॉडी वापरावी, तीही दुय्यम अँटिबॉडी (ब्लॉटवरील अँटिबॉडीला चिकटून तिची पट्टी दाखवणारी) प्रेसिपिटेशनच्या अँटिबॉडीला ओळखणार नाही हे पाहून.

नियंत्रण म्हणून उत्परिवर्तित ग्रब-२ हवेच. आर८६के (८६व्या जागी आर्जिनिनऐवजी लायसिन) बदलाने एसएच२ ची फॉस्फोटायरोसिनवरील पकड सुटते, तर पी४९एल (४९व्या जागी प्रोलिनऐवजी ल्युसिन) बदलाने पहिला एसएच३ निकामी होतो. हा दुसरा बदल सेम-५ च्या बिघडलेल्या कृमींमध्येच प्रथम सापडला होता.